नाकावरची धजा

आमच्या मांगरोळ बंदरात माझ्या नवऱ्याचं घोरणं ठाऊक नाही असं माणूस सापडायचं नाही. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण एवढी गोष्ट सांगायची तर किती वेळा नुसतं ‘हे’ म्हणू? वेलजी त्यांचं नाव. ‘हरसिद्धी’ बोटीचे तांडेल. बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, वारा फिरला की पाठ कधी फिरवायची, सगळं तांडेलच्या शब्दावर चालतं. असा माणूस घोरला तर कौलं हलणारच, असं मी शेजारणींना ठसक्यात सांगायची. त्या घोरण्याच्या आत आजार दडून बसलाय, हे आम्हाला कुठे माहीत होतं!

कळलं ते होळीनंतर. भर दुपारी, सुकाणू हातात धरून, उभ्या उभ्या वेलजींना झोप लागली. बोट वळून दुसऱ्या बोटीच्या अंगावर निघाली. बचुभाईने स्वयंपाकाची कढई टाकून धाव घेतली आणि सुकाणू फिरवलं, म्हणून निभावलं. बचुभाई आमचा भंडारी, म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी. वेलजींपेक्षा वयाने थोडा मोठा, आणि त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं.

राजकोटच्या डॉक्टरने अंगाला वायरी लावून यांना एक रात्र झोपवलं आणि सकाळी मला सांगितलं, “बेन, झोपेत यांचा घसा मिटतो. श्वास अडतो. जीव गुदमरला की शरीर दचकून जागं होतं, परत झोपतं, परत अडतं. रात्रभर हेच. हा माणूस कित्येक वर्षं झोपलेलाच नाही.”

उपाय म्हणून एक मशीन दिलं. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीतून हवेचा हलका दाब. त्याने घशाची वाट उघडी राहते. घरी भिंतीच्या प्लगला लावलं आणि महिन्याभरात मला माझा जुना नवरा परत मिळाला. सकाळी उठून गाणं गुणगुणायचे, चहात बिस्कीट बुडवून माझी थट्टा करायचे. फक्त खोलीत आवाज नव्हता. पहिले काही दिवस मीच मध्ये उठून त्यांच्या छातीवर हात ठेवून बघायची.

पण तांडेल काही घरात झोपत नाही. फेरीवर गेला की पंधरा-वीस दिवस समुद्रात. तिथे कुठला प्लग? डॉक्टरने तर बजावलंच होतं, मशीनशिवाय बोटीवर पाय ठेवायचा नाही.

बोट होती नारणभाईंची. नारणभाई वेलजींचे चुलत मोठे भाऊ, म्हणजे माझे जेठ. जेठांसमोर डोक्यावरून पदर ओढायचा आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, ही आमची रीत. म्हणून त्यांना काही सुनवायचं असलं की मी चुलीला सुनावते. त्या दिवशी ते आमच्या पडवीत बसले, बशीत चहा ओतला, पण प्यायले नाहीत.

“वेलजी, मी काही तुझा वैरी नाही,” ते म्हणाले. “पण सात घरांना मला जबाब द्यावा लागतो. या मोसमात दुसऱ्या बोटीवरच्या गोविंदला तांडेल करतो. तू किनाऱ्यावरचं बघ. बर्फ, डिझेल, माल उतरवणं.”

मी चुलीला म्हटलं, “ऐकलंस का ग? ज्याने बारा वादळांतून यांची बोट परत आणली, त्याने आता बर्फ मोजायचा!”

नारणभाईंनी चुलीकडे बघितलं आणि वेलजींना म्हणाले, “तुझ्या चुलीला सांग, मी पण माणूसच आहे. बिनप्लगचं झोपता येतं हे दाखव. बोट आत्ता किनाऱ्यावरच उभी आहे. तीन रात्री तिच्यात झोप, खलाशांबरोबर. बंदरातून वायर ओढायची नाही, बॅटरी घरी नेऊन भरायची नाही. चौथ्या सकाळी ताजा उठलास तर बोट तुझी. नाहीतर गोविंद.”

आम्ही दोघं राजकोटला गेलो. मशीन मी निवडणार, हे मी एसटीतच सांगून टाकलं. मासळी कशी निवडायची हे मला कोणी शिकवायला नको, मशीन काय, त्याचे पण कल्ले उघडून बघता येतात.

दुकानदार परेशभाई म्हणून होता. बिचारा सज्जन माणूस. त्याने आधी मोठं मशीन पुढे केलं, आमच्या घरच्यासारखंच. “यात पाण्याची टाकी आहे. पाणी तापतं, हवेला ओलावा मिळतो, नाक कोरडं पडत नाही.”

वेलजींनी टाकी हातात घेऊन हलवली. “परेशभाई, बोट डुलते. डुलली की हे पाणी कुठे जाईल?”

“नळीत.”

“आणि नळी कुठे?”

परेशभाई हसायला लागला. वेलजी म्हणाले, “तीस वर्षं आख्ख्या दर्याने माझ्या नाकात पाणी जाऊ दिलं नाही, आणि तुम्ही मला वाटीभर पाण्यात बुडवता?”

मी विचारलं, “हे रात्रीला पितं किती?”

“काय पितं?”

“बॅटरी हो! आमच्याकडे फेरीला निघताना डिझेल, बर्फ, गोडं पाणी, पीठ, सगळं आधी धरावं लागतं. समुद्रात दुकान नसतं.”

मग त्याला सूर सापडला. त्याने नीट समजावून सांगितलं. सगळ्यात जास्त बॅटरी पाणी तापवण्यातच जाते. टाकी लावली तर एक रात्र पण पुरी निघायची नाही, टाकीशिवाय त्याच बॅटरीवर दोन रात्री निघतील. “आणि बेन, समुद्रावरच्या हवेत ओलावा काय कमी असतो? टाकी तुम्हाला नकोच.” हे त्याचं म्हणणं मला पटलं. जो दुकानदार ‘नको’ म्हणतो, त्याचं पुढचं ऐकावं.

दुसरं मशीन मुठीएवढं होतं. दिसायला इतकं गोड की उचलून पदरात टाकावं. मी टाकलंच असतं. पण त्याला बॅटरीतून थेट वीज चालेना. मध्ये एक डबा लावायचा, तो विजेचं रूप बदलणार, आणि त्या बदलाबदलीत तो स्वतःच बरीच वीज खाऊन बसणार. म्हणजे भाकरी वाढणाऱ्यानेच निम्मी खायची. मी ते परत काचेवर ठेवलं.

तिसरं वीतभर लांब, राखाडी, दिसायला काहीच नाही. त्याची वायर थेट बॅटरीला लागत होती. टाकी नाही, आवाज नाही, खारी हवा अडवायला मागे छोटी जाळी, ती धुवायची आणि परत लावायची. मी परेशभाईला म्हटलं, “चालू करा.” कान जवळ नेला. मांजराच्या श्वासाएवढं पण ऐकू येईना. मी खूश झाले. बोटीवर इतकी माणसं एका खोलीत झोपतात, त्यांनाही जरा शांत झोप मिळेल असं वाटलं मला.

“बोटीत बॅटरी असेलच ना?” परेशभाई म्हणाला. “तिलाच जोडा.”

इतका वेळ हसणारे वेलजी एकदम गंभीर झाले. “ती इंजिनाची बॅटरी आहे. रात्री ती मी पिऊन टाकली आणि पहाटे इंजिन उठलं नाही, तर? माझ्या झोपेसाठी सात माणसं दर्यात लटकत ठेवू?”

तो माणूस स्वतःच्या जिवाचं सामान घ्यायला आला होता आणि त्याच्या तोंडी आधी खलाशी! मला त्या दुकानात उगाच पदर सारखा करावासा वाटला.

मग यंत्राच्या वेगळ्या दोन बॅटऱ्या घेतल्या. एक रात्री चालणार, दुसरी दिवसा इंजिन चालू असताना त्यावर भरणार. शिवाय केबिनच्या छपरावर ठेवायला सूर्याची पाटी, उन्हावर बॅटरी भरणारी, इंजिन बंद असलं तर असावी म्हणून.

राहिला मास्क. तोंड-नाक दोन्ही झाकणारा मोठा मास्क लावला तर मिशीतून हवा फुसफुस करत बाहेर. परेशभाई जरा चाचरत म्हणाला, “काका, मिशी जर थोडी...”

वेलजी उठून चपला शोधायला लागले.

“अहो बसा!” मी ओरडले. “मिशी कोण मागतंय!” शेवटी नाकपुड्यांखाली दोन मऊ बोंडं बसतात असा छोटा मास्क निघाला. मिशी खाली शाबूत, मास्क वर. आरशात बघून वेलजी म्हणाले, “हत्तीच्या पिल्लासारखा दिसतो मी. खलाशी हसतील.” हसतीलच, ते मलाही माहीत होतं. पण हसण्याने माणूस मरत नाही, एवढंच मी बोलले.

पावसाळ्यात आमच्या बोटी किनाऱ्यावर लाकडी टेकूंवर उभ्या असतात. खलाशी तळ खरवडतात, रंग देतात, जाळी सांधतात आणि वरच झोपतात. इंजिन बंद, दर्या लांब. पहिल्या संध्याकाळी वेलजी मशीन काखेत मारून शिडी चढले तेव्हा वरून हसण्याचा गलका ऐकू आला, आणि वेलजींची शिवी ऐकू आली, आणि मी निर्धास्त घरी आले.

चौथ्या सकाळी नारणभाई पडवीत येऊन बसले. वेलजी बोटीवरून आले. डोळे लाल, चेहरा उतरलेला. मी चहा दिला. नारणभाई काहीतरी विचारत होते आणि वेलजींची मान हळूहळू खाली गेली. बशी कलली, चहा धोतरावर सांडला, तरी त्यांना पत्ता नाही.

नारणभाईंनी बशी हळूच त्यांच्या हातातून काढून घेतली. त्यांचा आवाज अगदी मऊ होता, तोच मला जास्त लागला. “राहू दे, वेलजी. गोविंदला निरोप देतो.”

“मशीन चाललं नाही का?” मी वेलजींना विचारलं.

“चाललं.”

“मग?”

“मग काही नाही. झोप नाही लागली.” एवढं बोलून ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

मी पेटलेच. मशीन मी निवडलेलं. तीच निवड खोटी निघाली तर नवरा उरलेला जन्म बर्फ मोजणार, आणि तो माझ्यामुळे. मी पदर खोचला आणि तडक बोटीवर गेले. आधी मशीन बघितलं. बॅटरीचा दिवा हिरवा, दुसरी सूर्याच्या पाटीवर काठोकाठ भरलेली. मास्क नीट, नळी नीट. मग माझं लक्ष बाकीच्यांकडे गेलं. दिवस चांगला वर आलेला आणि खलाशी सगळे जाळ्यांवर तोंड उघडून आडवे! एकाच्या हातात सुई तशीच. बचुभाई चुलीपुढे बसल्या बसल्या डुलत होता, पुढे बाजरीचा रोटला करपत होता.

“काय रे, तांडेलचा आजार तुम्हा सगळ्यांना लागला की काय?”

बचुभाई दचकला. रोटला उलटायला गेला, हात भाजून घेतला. “भाभी... तीन रात्री कोणी झोपलंच नाही.”

“का?”

“आवाजच नव्हता.”

“कसला आवाज?”

“तांडेलचा.” तो खाली बघत बोलायला लागला. “अकरा वर्षं मी तेच ऐकत झोपतो. घोरणं चालू म्हणजे सगळं ठीक. मध्येच थांबायचं ना त्यांचं... तेव्हा मी टाच आपटायचो. फळीवर. जोरात. की परत चालू. कधी दोनदा आपटावी लागायची. आता या मशीनने आवाजच गिळला. टाच आपटली, आवाज नाही. परत आपटली, नाही. मग काय करू? जाऊन हलवलं. ‘तांडेल, आहात ना?’ ते म्हणाले, ‘आहे, झोप.’ परत पडलो. परत शांतता. परत उठलो.”

“कितीदा उठवलंत?”

“ते मोजलं नाही.”

जाळ्यावरून एकजण डोळे न उघडताच म्हणाला, “मी पण उठवलं दोनदा.” दुसरा म्हणाला, “मी मास्क काढून नाकाशी कान लावला, तर शिवी खाल्ली.”

मला हसू फुटलं. आणि हसता हसताच माझं लक्ष बचुभाईच्या पायाकडे गेलं. भेगाळलेली, काळी पडलेली टाच. डॉक्टरने वायरी लावून जे शोधलं ते या माणसाला अकरा वर्षं कानाने कळत होतं, आणि त्याने गाजावाजा न करता माझं कुंकू त्या टाचेवर सांभाळलं होतं. मी खाली वाकले आणि त्याच्या पायाला हात लावला. तो बिचारा मागे सरकता सरकता चुलीत पडता पडता वाचला.

“मग त्यांनी हे नारणभाईंना सांगितलं का नाही?” मी विचारलं.

मागून आवाज आला, “बचूवर ढकलू?” वेलजी शिडी चढून आले होते, माझ्या मागोमाग. “ज्याने मला जागतं ठेवलं, त्याचं नाव पुढे करू? तांडेल आपल्या भंडाऱ्यावर बोट दाखवत नाही.”

या माणसाला काय म्हणावं! मोसम जाईल, बोट जाईल, पण तोंड उघडणार नाही. मला राग आला आणि त्या रागाहून जास्त अभिमान वाटला, तो मी लपवलाही नाही.

पण खोड कुठे आहे ते आता कळलं होतं. मशीन शांत आहे हा त्याचा गुण, आणि तोच इथे नडला होता. आमच्या माणसांना जिवंतपणाची खूण लागते. इंजिन थांबलं की झोपलेला खलाशी जागा होतो, तसंच हे. कानाची खूण गेली, तर आता डोळ्याला खूण द्यायला हवी.

केबिनच्या कोपऱ्यात गेल्या मोसमाची धजा गुंडाळून ठेवलेली होती. डोलकाठीवरचा लाल झेंडा. नव्या मोसमाला नवी चढते, जुनी कोणी टाकत नाही. मी तिचा बोटभर रुंद तुकडा फाडला. मास्कला पुढे बारीक भोकं असतात, मशीन चालू असेपर्यंत त्यांतून हवा सतत बाहेर पडत राहते, आणि हवा चालू म्हणजे घसा उघडा. तिथेच, भोकं मोकळी ठेवून, तुकडा बांधला.

“झोपा,” मी वेलजींना म्हटलं.

“आत्ता? सगळ्यांसमोर?”

“आत्ताच. आणि कोणीतरी नारणभाईंना बोलवा.”

नारणभाई आले तेव्हा वेलजी आडवे झाले होते. मशीन चालू झालं आणि नाकावरचा लाल तुकडा उठून फडफडायला लागला. कोणी हसलं नाही. नारणभाई माझ्याकडे बघत होते. बोटीवर काही माझी चूल नव्हती. मी पदर पुढे ओढला आणि पहिल्यांदाच त्यांच्याशी सरळ बोलले.

“मोटाभाई, तीन रात्री यांना आजाराने नाही, खलाशांच्या मायेने झोपू दिलं नाही. तुमची बोट यांच्याशिवाय जाऊ शकते, पण गोविंदसाठी असे रात्रभर जागणारे खलाशी कुठून आणाल? इथे बसा. हे उठतील तेव्हा काय तो निवाडा करा. पण उठवायचं नाही.”

नारणभाई इतके चकित झाले की तिथेच मांडी घालून बसले.

“आणि धजा थांबली तर?” बचुभाईने कुजबुजत विचारलं.

“तर टाच आपटा. टाच कुठे गेलीये?”

बचुभाई धजेकडे बघत बसला. थोड्या वेळाने त्याचे खांदे सैल झाले. मग तो कलंडला. मग जाळ्यावरचे एकेक. त्या फडफडणाऱ्या चिंधीकडे बघता बघता सगळी बोट झोपली. शेवटी नारणभाईंची मानही छातीवर आली, आणि काय सांगू, ते असे घोरायला लागले की मी मनात म्हटलं, यांनाही राजकोटला न्यावं लागणार.

उन्हं कलली तेव्हा वेलजी उठले. मास्क काढला, मिशीला पीळ दिला, आळस दिला. चेहरा असा उजळलेला की लग्नातला आठवला. नारणभाई डोळे चोळत उठले आणि त्यांना नीट निरखून बघितलं. मग उठून सुकाणूजवळ गेले, त्यावर हात ठेवला आणि बाजूला सरकले.

“धर,” ते म्हणाले. “तुझंच आहे.” आणि शिडी उतरताना वळून वेलजींना म्हणाले, “तुझ्या चुलीला सांग, मला पण एक दिवस राजकोटला यायचंय.”

मोसम उघडला. नारळ फुटला, डोलकाठीवर नवी धजा चढली. ‘हरसिद्धी’ बंदराबाहेर पडली तेव्हा वेलजी सुकाणूवर ताठ उभे होते आणि मी धक्क्यावर माझ्या मासळीच्या टोपलीपाशी त्यांच्याहून ताठ उभी होते. लोक काय म्हणायचे ते म्हणत होतेच. “मोंघी, तुझ्या तांडेलला सोंड फुटली म्हणे!” मी म्हटलं, “फुटली. तुझ्याला फुटेल तेव्हा कुठली घ्यायची ते मला विचारायला ये.”

दुसऱ्या सकाळी मी बंदरावरच्या वायरलेसच्या खोलीत गेले. त्या वायरलेसवर काही खासगी नसतं. एक बोलतो, आसपासच्या सगळ्या बोटी ऐकतात. मला ते पक्कं माहीत होतं. बचुभाईलाही माहीत होतं, म्हणून तो आधी नुसताच खाकरला.

“भाभी... इंजिन चालू आहे. जाळं टाकलंय. सुकाणूवर मी आहे.”

“आणि तांडेल?”

जरा खरखर झाली. मग तो मोठ्याने, सगळ्या दर्याला ऐकू जाईल असा म्हणाला, “भाभी, धजा फडकतेय.”

मी तोंड अगदी वायरलेसजवळ नेलं आणि त्याच्याहून मोठ्याने म्हटलं, “मग झोपू दे माझ्या तांडेलला.”